तळहाताएवढं चित्र

अमेरिकेत बेसबॉल नावाचा एक खेळ आहे. आपल्या शाळांमधून सॉफ्टबॉल खेळला जातो, त्याचा हा थोरला भाऊ म्हणा. या खेळातल्या खेळाडूंची चित्रं असलेली छोटी कार्डं गोळा करण्याचा छंद तिकडे सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. आता काही हौशी चित्रकार अशी कार्डं घरी बसून हातानं काढतात आणि इंटरनेटवर विकायला ठेवतात. आकार ठरलेला, अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. म्हणजे तळहातावर मावेल एवढं चित्र. त्याला तिकडे स्केच कार्ड म्हणतात. भंडाऱ्यात बसून मीही हाच उद्योग करतो. माझ्या कार्डांवर बेसबॉलवाले नसतात. क्रिकेटवाले असतात, कबड्डीचे चढाईवाले असतात, कुस्तीतले मल्ल असतात. कचेरीतल्या नोकरीतून सुटका झाल्यावर हात मोकळे झाले आणि लहानपणीची चित्रकलेची आवड वर आली, इतकंच.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं एकदा कार्ड हातात घेऊन, उलटसुलट करून विचारलं, "काका, एवढुशा कागदाचे तीनशे रुपये कोन देते जी?" प्रश्न रास्त होता. मुद्दाम सांगायची गोष्ट अशी की हा प्रश्न काही इंटरनेटनं जन्माला घातलेला नाही. हातानं रंगवलेल्या पत्त्याची किंमत काय, आणि ती कुणी द्यायची, हा प्रश्न आपल्या देशात किमान पाचशे वर्षं विचारला जातो आहे. त्या पाचशे वर्षांची हकिकत आज सांगायची आहे.

मोगल बादशहा बाबर रोजनिशी लिहीत असे. तिच्यात १५२७ सालची एक नोंद आहे. सिंधमधल्या ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते आवडत, त्यानं ते मागितले होते, म्हणून बाबरानं ते माणसाबरोबर त्याच्याकडे पाठवले. हिंदुस्थानात या पत्त्यांचा हा पहिला लेखी उल्लेख मानला जातो. बघा, पहिलीच नोंद आहे ती मागणीची आणि घरपोच पाठवणीची! दूरच्या गावी एक शौकीन बसलेला, त्याला हवे आहेत हातानं रंगवलेले पत्ते, आणि ते घेऊन निघालेला एक माणूस. माझं पाकीट पोस्टात टाकताना मला त्या माणसाची आठवण येते. त्याला रस्त्यात दोन-चार नद्या तरी ओलांडाव्या लागल्या असतील. मला फक्त खांब तलावाचा चौक ओलांडावा लागतो.

अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचं सविस्तर वर्णन केलं आहे. जुन्या संचात बारा रंग. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी त्यांची नावं, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण १४४. मोगली संच म्हणून पुढे जो रूढ झाला त्यात आठ रंग आणि ९६ पत्ते. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश ही त्या रंगांची नावं. मुकुट, रुपेरी नाणं, तलवार, सेवक, तंतुवाद्य, सोन्याचं नाणं, हुंडीचा कागद आणि मालाचं गाठोडं. सबंध सरकारदरबार आणि त्याचा जामदारखाना त्या पत्त्यांत उतरला होता. गंज म्हणजे फारसीत खजिना. त्या शब्दाशी गंजिफाचं नातं जोडतात ते उगाच नव्हे.

हाच खेळ हिंदू घरांत आणि दरबारांत आला तेव्हा त्यानं कपडे बदलले. आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दहा बारे एकशेवीस पत्ते, सगळे गोल. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचे पत्ते. निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर निम्म्या रंगांत एक्का मोठा, त्यामुळे डोकं जाग्यावर ठेवूनच खेळायला बसावं लागे. तिघांत डाव, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पत्ते. कुठला पत्ता पडून गेला आणि कुठला अजून कुणाच्या हातात आहे, हे सगळं ध्यानात ठेवायचं. मेंढीकोट खेळून स्वतःला हुशार समजणाऱ्यांनी एकदा हा डाव मांडून पाहावा. हात चालवताना देवांची नावं तोंडी येतात, म्हणून जुनी माणसं या खेळाला फार नावं ठेवत नसत, असंही सांगतात. करमणूक ती करमणूक आणि वर थोडं पुण्य.

आता हे पत्ते बनत कसे, ते ऐका. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण किंमतीचं कोडं इथेच आहे. जुन्या पद्धतीत कापडाच्या चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकमेकांवर चिकटवत. ते वाळवून त्यावर खडूसारख्या पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, मग गुळगुळीत दगडानं घोटायचं. घोटून घोटून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा झाला की गोल चकत्या कापायच्या. त्यावर जमिनीचा रंग, त्यावर किनार, मग खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्यानं आकृती, आणि शेवटी टिकावासाठी लाखेचा हात. हे एका पत्त्याचं झालं. असे एकशेवीस. त्यातले वीस राजे-प्रधानांचे, म्हणजे छोटी पण पूर्ण चित्रं. उरलेल्या शंभरांवर मासे, कासवं, परशू मोजून काढायचे. दश्शीवर दहा मासे, नवव्वीवर नऊ. कारागिरांत दोन वाटा होत्या. दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी कलमात हस्तिदंत, कासवाची पाठ, सोन्याचा वर्ख असा थाट. बाजार कलमात तीच आकृती चार फटकाऱ्यांत. कुंचला टेकवला, वळवला, उचलला, झाला मासा. मला विचाराल तर मला बाजार कलमाचेच पत्ते जास्त आवडतात. त्या चार फटकाऱ्यांत जो सराव दिसतो तो सोन्याच्या वर्खाखाली झाकला जातो.

या कारागिरासमोर एक अट असे, ती आजच्या स्केच कार्डवाल्याला कळणारसुद्धा नाही. एकशेवीस पत्त्यांच्या पाठी हुबेहूब सारख्या हव्यात. एखाद्या पाठीवर रंगाचा जरा डाग राहिला, एखादी कड किंचित चपटी झाली, की तो पत्ता ओळखू येतो आणि डावात लबाडी शिरते. म्हणजे हातानं काम करायचं, पण हाताचा मागमूस पाठीवर राहू द्यायचा नाही. आज माझं गिऱ्हाईक नेमकं उलटं मागतं. पेन्सिलीची रेघ दिसते का, रंग कुठे सांडला आहे का, हे भिंग लावून पाहतं, कारण ती खूण दिसली तरच चित्र हाताचं! एका गिऱ्हाइकानं मला लिहून विचारलं होतं, "छापील नाही ना?" मी त्यांना कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. शाई कागदातून मागे जराशी उमटली होती. ते पाहून त्यांनी लगेच पैसे पाठवले. सावंतवाडीच्या चिताऱ्यानं असा पत्ता संचातून काढून टाकला असता.

सावंतवाडीचं नाव आलंच आहे, तर तिकडे वळू. महाराष्ट्रात या पत्त्यांचं घर म्हणजे सावंतवाडी. अठराव्या शतकात, खेम सावंत तिसरे यांच्या काळात, तिथे ही कला रुजली असं मानतात. लाकडावर लाखकाम करणारे, देव्हारे, पाट आणि खेळणी रंगवणारे चितारी तिथे वसले. त्यांची चितार आळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे. त्यांच्याच हातून गंजिफा होत. दशावताराचं नाटक रात्रभर पाहणारा तो मुलूख. तिथे दहा अवतारांचे पत्ते रुजले यात नवल काय? देशात इतरत्रही याची ठाणी होती. बंगालात विष्णुपूर, ओडिशात रघुराजपूर. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांना तर या खेळाचं असं वेड की त्यांनी स्वतः नवे नवे डाव रचले. त्यातला एक ३६० पत्त्यांचा!

मग हे सगळं बसलं कसं? उत्तर साधं आहे, छापखान्यानं. १८३१ मध्ये लंडनच्या टॉमस डी ला रू यांनी रंगीत पत्ते छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. बावन्न पत्ते, चार रंग, चौकोनी, हातात पंख्यासारखे धरता येतात, आणि स्वस्त. चिताऱ्याला एक संच करायला कित्येक दिवस लागत. यंत्राला दिवसाचा हिशेबच नव्हता. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट घरोघर झाले आणि गंजिफा माडीवरच्या पेटीत गेल्या. चित्रांचंही तेच झालं. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर पोचल्या. यात सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी चितारी कधी येणार नव्हता त्याच्याही घरी चित्र आलं.

आमच्या भंडारा जिल्ह्यानं छापील छोटं चित्र पाहिलं ते मात्र देवघरात नव्हे, बिडीच्या कट्ट्यावर. हा तेंदूपानाचा मुलूख. भंडारा, तुमसर, गोंदिया इथे बिडीचे कारखाने, आणि घराघरांतून सुपात पानं-तंबाखू घेऊन बसलेल्या बाया. गोंदिया १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. प्रत्येक कट्ट्यावर कारखान्याचा छाप. कुठे वाघ, कुठे पोपट, कुठे टोपी घातलेले खुद्द मालक. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्र पाहून बिडी ओळखत असे, म्हणून ते चित्र बदलायची सोय नव्हती. आम्ही पोरं ते छाप आणि काडेपेटीचे छाप जमवायचो, जमिनीवर आखून त्यांचा डाव खेळायचो. दुर्मीळ छापाला दहा साधे छाप असा भाव होता. तो भाव कुणी ठरवला होता कोण जाणे, पण सगळ्या गल्ल्यांत तोच चालायचा.

गंमत अशी की अमेरिकेतली बेसबॉल कार्डं अशाच वाटेनं आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचं कागदी पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. कोरा तुकडा कशाला, म्हणून त्यावर चित्र आलं. नट्या, पक्षी, खेळाडू. इंग्लंडात क्रिकेटवाले आले, आपले रणजितसिंहजीही त्यात झळकले. अमेरिकेत बेसबॉलवाले आले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं काढलेल्या कार्डांत होनस वॅग्नर या खेळाडूचं एक कार्ड होतं. त्यानं हरकत घेतल्यामुळे ते लवकर बंद झालं. लहान मुलांनी माझ्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्यानं अडवलं, असं कुणी म्हणतात. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असंही कुणी म्हणतात. काही असो, त्या कार्डाच्या साठेक प्रतीच आज ठाऊक आहेत, आणि २०२२ मध्ये त्यातली एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेली.

पुढे सिगारेटची जागा चघळायच्या गोंदानं घेतली. टॉप्स नावाच्या कंपनीनं १९५२ मध्ये मोठा संच काढला. त्याची शिल्लक खपेना, तेव्हा खोकीच्या खोकी बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवली, असं त्या संचाचे कर्ते साय बर्जर सांगत असत. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. लक्षात घ्या, हे छापील कार्ड. हजारोंनी निघालेलं. समुद्रात बुडवलं म्हणून महाग! पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्या कंपनीनं चित्रकारांकडून खेळाडूंची जवळजवळ कार्डाएवढीच चित्रं रंगवून घेतली आणि त्यावरून कार्डं छापली. ती मूळ चित्रं १९८९ मध्ये लिलावात निघाली, तेव्हा मँटलच्या चित्राला लाखभर डॉलरच्या वर किंमत आली. दोन्ही काळांतले भाव वेगळे, हे मान्य. तरी मूळ चित्र जगात एकच, आणि त्याला काढणाऱ्याचं नाव किती जणांना माहीत असेल? कार्ड ओळखलं जातं ते खेळाडूच्या नावानं. गंजिफाच्या चिताऱ्याचं तरी काय वेगळं होतं?

आता परत सावंतवाडीला. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे ही कला येणारे हात बोटांवर मोजावे एवढेच उरले होते. त्यातले वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांना राजवाड्यात बोलावलं, ते इतिहास म्हणून त्यांचा सत्कार करायला नव्हे, तर शिकवायला. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन शिकल्या, गावातली तरुण मुलं शिकली, आणि १९७१ मध्ये 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभं राहिलं. राजवाड्याच्या दालनात कलावंत बसून रंगवत आहेत आणि येणारा-जाणारा पाहतो आहे, विकत घेतो आहे, असं ते सुरू झालं. एका म्हाताऱ्या माणसाच्या मनगटात जे शिल्लक होतं ते वेळेवर दुसऱ्यांच्या मनगटात उतरलं. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर पत्ते संग्रहालयात दिसले असते, पण खळ किती दाट हवी हे सांगायला कुणी नसतं.

याच काळात मुंबईत एक जर्मन गृहस्थ होते, रुडॉल्फ फॉन लायडन. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली ते मुंबईत आले. शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ, वर्तमानपत्रात व्यंगचित्रकार आणि कलासमीक्षक. त्यांनी हौसेखातर गंजिफा जमवायला सुरुवात केली, गावोगावच्या कारागिरांची माहिती काढली आणि पुढे त्यावर ग्रंथ लिहिले. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये हिंदुस्थानी पत्त्यांचं प्रदर्शन भरलं, त्यामागे त्यांचेच परिश्रम होते. आपल्या माडीवरच्या पेट्यांत काय आहे, ते परदेशी हौशी माणसानं सांगावं, याचा थोडा राग येतो. पण राग गिळून त्यांचे आभारच मानायला हवेत.

स्केच कार्डांची कथा त्यानंतरची. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कार्ड कंपन्या छापील पाकिटांत एखादं हातानं काढलेलं कार्ड बक्षिसासारखं टाकू लागल्या. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिचमध्ये स्टिर्नमन नावाच्या कलावंतानं त्याच मापाची चित्रकार्डं काढून एक टूम सुरू केली. चित्रकारांनी एकमेकांत अदलाबदल करायची, विकायची नाहीत. आमच्या छापांच्या डावासारखंच. पण पोटाला अदलाबदल पुरत नाही. २००४च्या सुमारास ई-बेवर त्याच मापाची चित्रं विकायची प्रथा पडली आणि हजारो हौशी माणसं त्यात आली. आपल्याकडे त्याच वर्षी बाझी डॉट कॉम ही देशी लिलावाची जागा ई-बेनं विकत घेतली. २०१८ मध्ये ते दुकान आपल्याकडे बंद झालं, नंतर इतर दुकानं आली. दुकानं येतात, जातात. पाकीट मात्र शेवटी पोस्टमनच्या नाहीतर कुरियरवाल्याच्याच पिशवीत जातं.

तीनशे रुपयांचा हिशेब मागणाऱ्या त्या पोराला मी असं सांगितलं. जाड कागद नागपूरहून आणतो, रंग तिथूनच. एका कार्डाला दोन संध्याकाळी लागतात. टपालखर्च वेगळा. उरतं ते मजुरीच्या भावानंसुद्धा कमीच. वर्तमानपत्रातल्या फोटोवरून हुबेहूब नक्कल मी काढत नाही, कारण तो फोटो कुणा छायाचित्रकाराच्या मेहनतीचा असतो. त्यामुळे प्रसिद्ध खेळाडूंपेक्षा आमच्याकडच्या कबड्डीच्या स्पर्धांना जाऊन बसतो आणि वहीत रेघा मारून आणतो. नाव नसलेला चढाईवाला, मांडीवर थाप मारून वाकलेला. ही कार्डं हळू खपतात. पण खपतात. एक अशा माणसानं नेलं की ज्याला कबड्डी म्हणजे काय तेही मी लिहून कळवलं.

सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. म्हणजे दुसरीकडे कुणी छापून तेच नाव लावू शकणार नाही. चांगली गोष्ट आहे. राणीसाहेब २०१८ मध्ये गेल्या, त्यांना ती पाहायला मिळाली नाही. तिथले संच आता देशभरातून मागवता येतात. बहुतेक घेणारे ते चौकटीत लावून भिंतीवर टांगतात, खेळत कुणी नाही, अशी तक्रार करायची पद्धत आहे. मी ती करणार नाही, कारण टांगणाऱ्यांच्या पैशांवरच रंगवणाऱ्यांचं घर चालतं.

मी मात्र मागवलेला संच उघडला. नियम वाचले, पत्नीला आणि शेजारच्या गुरुजींना समजावले, आणि अंगणात सतरंजी टाकून आम्ही तिघं बसलो. दशावतारी डावात रिवाज असा की दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हाती राम त्यानं उतारी करायची, रात्री खेळत असाल तर ज्याच्या हाती कृष्ण त्यानं. राम गुरुजींकडे होता, कृष्ण सौभाग्यवतींकडे. साडेसहा वाजले होते, वैनगंगेच्या बाजूला अजून थोडा उजेड होता. पहिला पत्ता पडायला पाऊण तास लागला.